चार दिवस डिचोलीत: गळ्यात बेल्ट, डोक्यावर फॅन

माझी मावसबहीण गोव्यात डिचोली तालुक्यात दिलीय, आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्या घरी पंधरा वर्षांत मी तीनदाच गेले असेन कारण गोठा असणाऱ्या बाईला कुठं दोन दिवस मुक्काम करता येतो सांगा. पण ह्या मे महिन्यात जायचंच ठरवलं, त्याला कारण आमची गौरी. तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित, व्यायल्यावर दिवसाला बावीस लिटरवर जाणारी गाय, पण सात महिने झाले व्यायलेली आणि अजून गाभण नाही. दोनदा वीर्याची कांडी घालून भरवली, दोनदा उलटली म्हणजे परत माजावर आली, आणि मधले दोन-तीन माज तर आम्हाला दिसलेच नाहीत. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते, एक माज हुकला की एकवीस दिवस गेले, तेवढे दिवस पेंड चालूच आणि दूध उतरणीला. अक्काच्या यजमानांनी, म्हणजे दाजींनी, गायींच्या गळ्यात माज ओळखणारे बेल्ट बांधलेत असं कळलं होतं. म्हटलं आपण डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत.

गुरुवार

पहाटे साडेचारला धारा आटपल्या, कॅन डेअरीला लावला, ह्यांना मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला चारा, कुठला घालायचा, कालवडीला किती पेंड हे चारवेळा सांगून झालं आणि मी आणि धाकटा पोरगा गडहिंग्लजमधनं निघालो. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. आंबोलीला गार वारा होता, शाल घेऊ की काय असं वाटलं, आणि घाट उतरून दाणोलीच्या पुढं आल्यावर गाडीची काच खाली केली तर अंगाला चिकटणारी हवा. तेव्हाच माझ्या मनात आलं की ह्या हवेत एचएफ गाय जगते कशी. आपण माणसं निदान पंख्याखाली बसतो.

दुपारी बाराच्या आसपास पोचलो. घर जुनं, मागं कुळागर, म्हणजे सुपारी, माड, त्यावर चढलेले मिऱ्याचे वेल, आणि कुळागराच्या अलीकडं उंच पत्र्याचा गोठा, अकरा दुभत्या, तीन कालवडी. अक्काच्या सासूबाई ओसरीवर फणसाचे गरे काढत बसलेल्या, "ये गो बाये, बस" म्हणाल्या आणि सोलकढीचा पेला हातात दिला. जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि माशाचं हुमण. पण मला खरं तर गोठा बघायचा होता, ताट उचललं की तिकडंच.

मी आधी वर बघितलं. आमच्या गोठ्यात फॉगर आहेत, धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे, आणि आमच्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडी असते तेव्हा त्यांचा फरक हाताला लागतो. इथं फॉगरची पाईप वर गुंडाळून ठेवलेली. विचारलं तर दाजी म्हणाले, "दोन वर्षांमागं बसवले होते, उलट गायी जास्त धापायला लागल्या." त्यांनी समजावलं ते मला पटलं आणि इतक्या वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं. फॉगर थंडावा देतो तो पाण्याची वाफ होताना. हवा कोरडी असेल तर थेंब हवेतच उडून जातो आणि हवा गार होते. कोकणपट्टीत हवेतच इतका दमटपणा की थेंब उडतच नाही, तो गायीच्या केसांवर नुसता पातळ थर होऊन बसतो, आत कातडीपर्यंत पोचत नाही, आणि आतली गरमी कोंडून राहते. वर जमीन ओली ती ओली, आणि ओल्यात बसली गाय की कासेला दगडी, म्हणजे कासेची सूज, आलीच.

मग आता काय करता, तर मोठ्या थेंबाचे स्प्रिंकलर. गव्हाणीच्या कडेनं लाईन, टायमर लावलेला, दीड-दोन मिनिटं पाठीवर पाऊस पडल्यासारखं पाणी, कातडी भिजेपर्यंत, पण कासेवरनं ओघळ जाईल इतकं नाही, आणि मग दहा-बारा मिनिटं नुसते मोठे फॅन. वारा ते पाणी अंगावरनं उडवून नेतो आणि गायीच्या अंगातलीच गरमी घेऊन जातो. फॅन हेच खरं, पाणी त्याला मदत. अक्कानं मला मोजायला शिकवलं: गायीच्या बाजूला उभं राहायचं, कुशीची हालचाल घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजायची आणि दुप्पट करायची, साठाच्या वर गेलं की गाय तापलीय. दोन वाजता तिथल्या एका काळ्या-बांड्या गाईचं मी स्वतः मोजलं, ८४. तोंड उघडं, लाळेची तार लोंबतेय. स्प्रिंकलर आणि फॅनच्या तीन फेऱ्या झाल्यावर परत मोजलं, ५८, आणि ती रवंथ करायला लागली होती. एवढं साधं मोजमाप, त्याला ना ॲप ना मशीन, मी कधीच केलं नव्हतं.

गोठ्याच्या पलीकडं आंब्याच्या झाडाखाली एक बुटकी पांढरी गाय दाव्याला बांधलेली. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, जवळ जाऊन बघितलं तर पापण्यांचे केससुद्धा पांढरे. ही सासूबाईंची. श्वेत कपिला, गोव्याची स्वतःची गाय, देशपातळीवर जात म्हणून नोंद झालेली गोव्यातली ही पहिली गाय, आणि त्या नोंदीसाठी ओल्ड गोव्यात एला इथल्या केंद्र सरकारच्या किनारपट्टी शेती संशोधन संस्थेच्या लोकांनी गावोगाव फिरून मापं घेतली. दूध अडीच-तीन लिटर. तिचं पण मोजलं मी, भर दुपारी, त्याच उन्हात, ३२. तिला ना फॅन ना पाणी.

संध्याकाळी धारा. दाजींकडं दोन बकेटचं मिल्किंग मशीन आहे, आमच्याकडं अजून हातानंच, म्हणून मी अगदी जवळ बसून बघितलं. आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात, गाठी किंवा पाणीदार दिसतंय का बघायला. मग सड धुतले, प्रत्येक गायीला वेगळं फडकं, कोरडे पुसले. पुसता पुसता गाय पान्हा सोडते, आणि इथं घाई पाहिजे, कारण पान्हा सोडायला लावणारं ते ऑक्सिटोसिन हार्मोन गायीच्या रक्तात पाच-सात मिनिटंच जोरात असतं, आपण मशीन आणायला गेलो की निम्मं दूध वर चढतं. मिनिटाच्या आत चारी कप लावले. व्हॅक्यूमचा काटा ४५ किलोपास्कलच्या आसपास स्थिर, ओढ-सोड करणाऱ्या पल्सेटरची टक-टक मिनिटाला साठ. मी विचारलं नुसतं ओढून का घेत नाही, ही टक-टक कशाला, तर कपाच्या आत रबराची नळी असते ती उघडते तेव्हा दूध येतं आणि मिटते तेव्हा सडाला मालिश होऊन रक्त परत फिरतं, नाहीतर सड सुजून लाल होतील. वासरू पितं तेव्हा पण असंच ओढ-सोड करतं की. पारदर्शी नळीतली धार बारीक झाली की व्हॅक्यूम आधी बंद करायचा आणि मगच कप काढायचे, दाजींचा थोरला मुलगा हे सगळं न बोलता करत होता. शेवटी सडाला आयोडीनचं औषध लावलं आणि लगेच गव्हाणीत मुरघास टाकला, म्हणजे गाय निदान अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड मिटेपर्यंत ती खाली बसायला नको.

शुक्रवार

सकाळी साडेसहाला दूध घेऊन गावच्या सोसायटीत गेलो. एका खोलीत काटा, दुधाचं मशीन, कॉम्प्युटर आणि शेजारी बल्क कूलर. हे आता आमच्याकडं पण आहे पण मी कधी आत जाऊन नीट बघितलेलं नाही, बायकांनी कॅन द्यायचा आणि पावती घ्यायची एवढंच. इथं सेक्रेटरी बाईच होत्या, त्यामुळं मी मोकळेपणानं विचारत बसले. सॅम्पलची छोटी बाटली नळीखाली धरली की मशीन दूध आत ओढतं, त्यातनं अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडतं, आणि लहरी किती वेगानं जातात त्यावरनं मिनिटाभरात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), घनता, पाणी किती हे स्क्रीनवर. आमच्या लहानपणी डेअरीत फॅट मोजायला गर्बरची पद्धत, सल्फ्युरिक ॲसिड, अमाईल अल्कोहोल, काचेच्या नळ्या फिरवायच्या, मास्तरांच्या बोटांवर कायम डाग असायचे.

पण मशीन म्हणजे देव नाही हे त्या बाईंनीच सांगितलं. फॅट वर तरंगते, म्हणून कॅन ढवळल्याशिवाय सॅम्पल घेतलं तर आकडा खोटा येणार. दूध खूप गार किंवा हवेचे बुडबुडे असले तरी चुकणार. मशीन रोज औषधानं धुवावं लागतं, आणि अधूनमधून त्याच दुधाची गर्बर करून दोन आकडे जुळतात का बघावं लागतं. हे ऐकून मी गप्प झाले. मागच्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर दीड महिना माझी फॅट २.९, ३.० लागत होती, सगळी पेंड बदलली, सरकी वाढवली, चारा बदलला, किती पैसे गेले, आणि मग एक दिवस मशीनची सर्व्हिसिंग झाली आणि दुसऱ्या दिवसापासून ३.७. तेव्हा कोणी माफी मागितली नाही, फरक पण दिला नाही. आता मला एवढं कळतं की त्या वेळी मी गर्बर करून दाखवा म्हणून हट्ट धरायला पाहिजे होता. बहिणींनो तुम्ही पण धरा.

कूलरमध्ये दूध चार अंशावर आणतात. धारेचं दूध पस्तीसच्या वर असतं, आणि गोव्यासारख्या हवेत ते तासभर तसंच राहिलं तर जंतू दर वीस-पंचवीस मिनिटांनी दुप्पट व्हायला लागतात. अक्का सांगत होती, कूलर यायच्या आधी टँकरला उशीर झाला की दूध फुटायचं, कुर्टी फोंड्याच्या डेअरीपर्यंत पोचेपर्यंत जीव टांगणीला, आता तेवढी झोप लागते.

दुपारी दाजींनी बेल्ट दाखवला. मी काहीतरी मोठं यंत्र असेल म्हणून आले होते, तर तो साडेतीन-चार इंचाचा डबा, पट्ट्याला अडकवलेला, मानेखाली वजन लावलेलं म्हणजे डबा फिरू नये. मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ते करणारा जो सेन्सर तोच ह्याच्यात, मानेची हालचाल टिपत राहतो. रवंथ करताना हालचाल एका लयीत, चारा खाताना वेगळी, चालताना वेगळी. गाय दिवसात सात-आठ तास रवंथ करते, माज आला की चालणं वाढतं आणि रवंथ घटतं, आजारी पडली की दोन्ही घटतं. गोठ्याच्या आढ्याला एक रिसीव्हर, तिथनं मोबाईलवर. दाजींच्या मोबाईलवर प्रत्येक गायीची रेघ दिसते. एका गायीची रेघ चार दिवसांपूर्वी एकदम खाली गेलेली, तिला त्या दिवशी ताप यायच्या आधीच कळलं होतं म्हणाले, दूध घटलं ते दुसऱ्या दिवशी.

मी विचारलं, तुमच्या डोळ्यांना माज दिसत नव्हता का? अक्का म्हणाली, "मे महिन्यात गायी दिवसा माज दाखवतच नाहीत गं, गरमीनं मेलेल्या असतात, रात्री दोन-तीन तास उभ्या राहतात आणि पहाटे गप्प. आपण झोपलेलो." मुका माज मुका माज म्हणून आपण गायीला नावं ठेवतो. गौरीचा डोळ्यासमोर आला चेहरा.

रात्री जेवणं झाली, सासूबाईंनी लंपी रोगाची गोष्ट काढली, २०२२ ची. आमची पण एक कालवड तेव्हा गेली, अंगभर गाठी, पाय सुजलेले, मी तिला मांडीवर डोकं घेऊन गुळाचं पाणी पाजत होते. त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली, कारण हातात तीच होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिसारच्या घोड्यांवरच्या संशोधन केंद्रानं आणि इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेनं मिळून लंपीचीच लस तयार केली, लंपी-प्रोव्हॅक. इथल्या सगळ्या गायींच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर, आणि डॉक्टरांच्या ॲपमध्ये तो नंबर टाकला की कुठली लस कधी टोचली, कधी भरवली, कधी व्यायली सगळं निघतं. सासूबाईंच्या पांढऱ्या गायीच्या कानात पण आहे, त्यांना आधी ते आवडलं नव्हतं, कान टोचताना रडली म्हणाल्या.

शुक्रवारची रात्र ते शनिवार

पावणेदोनला दाजींचा फोन वाजला. साधा मेसेजचा आवाज. अक्कानं मला हलवलं, "चल, तुला बघायचं होतं ना." बॅटरी घेऊन गोठ्यात गेलो. बाहेर काजवे, कुळागरातनं बेडकांचा आवाज, पाऊस दोन-चार दिवसांवर आलेला. सात नंबरची गाय उभी होती, बाकी सगळ्या बसलेल्या. ना हंबरणं, ना उड्या. दिवसभर मी तिच्याजवळनं दहा वेळा गेले असेन. दाजींनी शेपटी उचलली, बॅटरी मारली, काचेसारखा स्वच्छ सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, तार तुटत नव्हती, आणि पाठीवर हात दाबला तर गाय दगडासारखी उभी. अर्धा तास आम्ही तिथंच थांबलो. चार वाजता मी एकटीच परत येऊन बघितली, तर ती खाली बसून रवंथ करत होती, शेपटी कोरडी. सकाळी धारेला आले असते तर मला काहीही दिसलं नसतं. आमच्या गौरीचे किती माज असे माझ्या झोपेत गेले असतील हा विचार काही केल्या डोक्यातनं जाईना.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा आपला जुना हिशोब. इथं वेळ नक्की माहीत होती म्हणून दाजींनी डॉक्टरांना दुपारी चारचं बोलावलं, कारण लिंग निवडलेलं वीर्य वापरायचं होतं आणि त्याला थोडं उशिरा भरवलेलं बरं.

तोपर्यंत शेजारच्यांचा हायड्रोपोनिक चाऱ्याचा शेड बघून आलो. रॅक रिकामे होते. ट्रेमध्ये मका भिजवून आठवड्यात एक किलोचा पाच-सहा किलो हिरवा चारा होतो हे खरं आहे, ओल्ड गोव्याच्या त्याच संस्थेत ह्यावर बरंच काम झालंय. पण त्या पाच-सहा किलोत बहुतेक पाणी, कोरडा भाग मूळ मक्यापेक्षा थोडा कमीच भरतो, कारण मोड येताना दाणा स्वतःलाच खातो. पचायला चांगला, जमीन लागत नाही, सगळं बरोबर, पण दमट हवेत बुरशी फार धरते आणि माणूस अडकून पडतो. आता त्यांच्याकडं मुरघासाच्या गासड्या येतात, घाटावरनं. गासडीवर हात ठेवला तर मक्याचा तोच आंबटगोड वास, आमच्याच भागातला असणार. पोरगा म्हणाला आई हे आपण पण करू शकतो, गासड्या बांधून इकडं पाठवायच्या. त्याच्या डोक्यात ते तेव्हापासून बसलंय आणि मला पण ते वावगं वाटत नाही.

चारला डॉक्टर आले, तरुण मुलगी, सत्तरी तालुक्यातली, स्कूटरवर नायट्रोजनचा छोटा कॅन. झाकण उघडलं की पांढरा धूर खाली सांडतो, आत उणे १९६ अंश. चिमट्यानं वीर्याची एक कांडी काढली, सुईपेक्षा थोडी जाड, पाव मिलिलिटरची, लगेच थर्मासमधल्या ३७ अंशाच्या पाण्यात, घड्याळ बघून अर्धा मिनिट. तेवढ्या वेळात मी विचारून घेतलं की हे कालवडीचं बीज वेगळं कसं काढतात. ती म्हणाली मादीचा शुक्राणू नराच्या शुक्राणूपेक्षा आत जवळजवळ चार टक्के जास्त डीएनए घेऊन असतो, त्याला चमकणारा रंग देतात, एकेक थेंबात एकेक शुक्राणू अशी बारीक धार लेझरसमोरनं सोडतात, जास्त चमकला तो मादीचा, त्या थेंबाला विजेचा भार देऊन एका बाजूला वळवतात. सेकंदाला हजारो. शंभरात नव्वद कालवडी. आधी हे सगळं तंत्र परदेशी कंपन्यांचं म्हणून महाग, आता २०२४ च्या ऑक्टोबरात वाशिमच्या कार्यक्रमात देशी तंत्र पण सुरू झालं, त्यानं दर खाली यायला लागलेत. मी गाडीत बसून हे परत परत आठवत होते, चार टक्क्याचा फरक, तो पण डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीत.

पण एक गोष्ट तिनं ठासून सांगितली. साध्या कांडीत दोन कोटी शुक्राणू, ह्याच्यात वीस-पंचवीस लाख. म्हणजे चुकायला जागा नाही. वेळ हुकलेली, उलटणारी, गर्भाशय खराब असलेली गाय असेल तर ही कांडी वाया. कालवड किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताची निरोगी गाय, आणि माजाची वेळ नक्की माहीत, तरच. मी गौरीचं सगळं सांगितलं. तिनं मला वाईट न वाटू देता सांगितलं की काकी, गौरीला आधी तपासून घ्या, खनिज मिश्रण रोज द्या, साध्या कांडीनं गाभण राहू दे, कालवड-गोऱ्हा नंतर. तिच्याइतकं सरळ मला आमच्याकडं कोणी बोललं नव्हतं, प्रत्येकजण नवीन औषध लिहून द्यायचा.

जाताना तिनं चार वाट्यांचं पॅडल काढून कासेची टेस्ट पण दाखवली. चारी सडांचं थोडं थोडं दूध चार वाट्यांत, तेवढंच औषध, गोल फिरवायचं. तीन वाट्यांत पातळच राहिलं, चौथीत अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट झालं. वरनं सड चांगला, दूध पांढरंशुभ्र, गाठ नाही काही नाही, आणि आत दगडी सुरू झालेली. ते औषध आणि पॅडल मी म्हापशाहून मागवून घेतलं, ते माझ्या गोव्याच्या खरेदीतलं सगळ्यात कामाचं.

रविवार

पहाटे वळवाचा पाऊस झाला आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर फॅन चालत होते पण मशीनची मोटर नाही, आणि जनरेटर सुरू होईना. अकरा गायी, कासा भरून ताठ, पाच वाजून गेलेले. दाजींच्या दोन्ही मुलांना हातानं धार काढता येत नाही, त्यांची मोठी अडचण झाली, थोरला अक्षरशः घामाघूम. मग अक्का आणि मी बसलो. अक्काचा हात बारा वर्षांत सुटलेला, पण चौथ्या-पाचव्या धारेला परत लागला. मी सात काढल्या, तिनं चार. मशीनच्या सवयीच्या गायी आधी पाय झाडत होत्या, मग मी आमची मावशी, म्हणजे अक्काची आई, धार काढताना जे गुणगुणायची ते गुणगुणले आणि अक्का पण लागली. बॅटरीच्या उजेडात, पत्र्यावर पाऊस, बादलीत फेस. मुलं बाजूला बसून बघत होती, मग त्यांच्यातल्या धाकट्याला मी सात नंबरजवळ बसवलं, मूठ कशी मिटायची, अंगठा आत नाही घ्यायचा, ओढायचं नाही दाबायचं, आणि त्यानं शेवटचा लिटरभर काढला. दाजी म्हणाले आता रविवारी दोन्ही पोरांनी एकेक गाय हातानं काढायची.

निघायच्या आधी मागचा बायोगॅस बघितला, रबरी फुग्याचा. पन्नास किलो शेण म्हणजे दोन घनमीटर गॅस, अक्काचा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यावर, आणि स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेलं शेणपाणी, पाटानं थेट कुळागरात. सुपारीची झाडं काळीभोर झालीत. सासूबाईंनी तवसळी आणि कोकमं बांधून दिली, पांढऱ्या गायीच्या तुपाची बाटली वेगळी.

आंबोलीत दाट धुकं होतं, गाडी हळूहळू. पोरगा आणि मी हिशोब करत बसलो. एका बेल्टचे पैसे म्हणजे आमच्या गोठ्याची आठ-दहा दिवसांची पेंड, वर रिसीव्हर वेगळा, आणि आमच्या दुभत्या सहाच. दाजींच्या चौदा जनावरांना ते परवडतं. आम्ही ठरवलं की ह्या वर्षी दोन मोठे फॅन, टायमर, रबरी मॅट, आणि दर पंधरा दिवसांनी पॅडलची टेस्ट. माजासाठी मोबाईलवर रात्री साडेदहा, दीड आणि पहाटे साडेचारचा अलार्म, पाळी लावून, मी, पोरगा आणि हे. बेल्ट दहा गायी झाल्यावर. मिल्किंग मशीन मात्र माझी कंबर बघता दिवाळीपर्यंत घ्यायचंच.

हे सगळं लिहायला मला वेळ लागला कारण पेरण्या आल्या. गौरीला तपासून घेतलं, गर्भाशयाला थोडी सूज होती, औषध झालं, आता रात्रीच्या फेऱ्या चालू आहेत. काल पोरगा दीडच्या फेरीला गेला तर ती उभी होती पण सोट नव्हता, त्यानं कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.

आणि आज सकाळी अक्काचा फोन आला. सात नंबरला भरवून एकवीस-बावीस दिवस झाले, दाजी रात्रभर मोबाईल उशाशी घेऊन झोपले, एकदाही वाजला नाही. अजून दोन महिन्यांनी ती डॉक्टर मुलगी येऊन हात घालून बघेल.